दुसरं कार्ड

मुनिरा मुंबईत अवकाशातल्या दुर्बिणीच्या संगणकाचे प्रोग्राम सांभाळायची. त्यातली चूक शोधायला भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा घेऊन ती जव्हारला आई-वडिलांकडे आली होती, तेव्हाच ठाण्याहून तिला बघायला पाहुणे आले. मुलाच्या बापाने ओट्यावर बसून गठ्ठ्यातलं कार्ड ओढलं आणि त्यानेच बुटाचा चिखल खरवडला. “चाचा, सूर्य समोर आला की दुर्बीण वळवायचा हुकूम त्या कार्डावर आहे,” मुनिरा म्हणाली. “त्याशिवाय ती आंधळी होईल.” “होऊ दे. तू काय तिची आया आहेस?” बाप म्हणाला. मुलगा इदरीस हसला. “निकाहनंतर हे खूळ सुटेल, अब्बा,” म्हणत त्याने बापाला दुसरं कार्ड काढून दिलं. मुनिराच्या शिंपी वडिलांनी मान खाली घातली. असं स्थळ पुन्हा येणार नव्हतं. अम्मी मिठाईचं ताट घेऊन आली. “आत ने,” मुनिरा म्हणाली. “यांचं तोंड गोड करायचं नाही.”