त्याला माती न खावो

"झिसिस कबरीत कुजलेला नसणार. पैज!" कॉफीवाल्या लांब्रोसनं टेबलावर थाप मारली. "हाडं स्वच्छ निघाली तर माझ्या खेचराचं खोगीर पाठीवर बांधून चर्चभोवती गाढवासारखा रेकत फिरेन."

"लागली," खोगीर शिवणारा फोटिस म्हणाला. "पण खोगीर कशाला? नुसता रेक. आवाज तर तयारच आहे तुझा."

सगळे खदखदले.

"खोगिरासकट! आणि हरलास तर तूही."

झिसिस चर्चची घंटा वाजवायचा. वेदीवरची शुभवर्तमानाची पोथी, कातड्याच्या पानांवर हातानं लिहिलेली, चांदीच्या वेष्टनातली, एका उन्हाळ्यात गायब झाली. किल्ली झिसिसकडे. बस्स. त्याच्या टेबलाशी कोणी बसेना. झुरून झुरून गेला बिचारा.

पोथीच्या शेवटच्या पानावर लिहिणाऱ्या साधूनं शाप घातला होता. दर ईस्टरला गावचे पाद्री, पापा-निकांद्रोस, तो मोठ्यानं वाचायचे: 'जो हिला इथून नेईल, त्याला माती न खावो.' म्हणजे चोराचं मढं कबरीत कुजणारच नाही. आता रिवाजाप्रमाणे कबर उघडून झिसिसची हाडं काढून हाडघरात ठेवायची वेळ आली होती. मढं जसंच्या तसं निघालं, तर त्याच्या बायकोला, एवांथियाला, गावात तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती.

"एवढी खात्री कशी रे तुला?" लांब्रोसनं विचारलं.

"मित्र होता माझा. त्यानं नाही नेली, मला माहीत आहे."

एवांथियाच्या दाराशी सरपण टाकणारा गावात फोटिस एकटाच होता.

कबर उघडली. एवांथियानं हातांनी माती बाजूला केली. कवटी वर आली, मेणासारखी पिवळी, स्वच्छ. पापांनी क्रुसाची खूण केली. तिनं ती वाइननं धुतली आणि छातीशी धरली. धुतल्या तांदळासारखा निघाला झिसिस.

"फोटिसभाऊ," ती रडत म्हणाली, "एकटे तुम्ही त्याच्या बाजूनं उभे राहिलात. देव तुमचं भलं करो."

फोटिस खाली बघत राहिला.

सगळा गाव चर्चसमोर जमला. लांब्रोस खोगीर घेऊन आला.

"राहू दे रे," फोटिस म्हणाला. "एक कॉफी पाज, फिटली पैज."

"वा! शब्द म्हणजे शब्द." लांब्रोस ओणवा झाला. "तूच शिवलंयस ना? पावसात भिजलं तरी वाकत नाही लेकाचं. आत भरतोस तरी काय?"

"पेंढा. दुसरं काय?"

लांब्रोसचं पोट म्हणजे पिंप. पट्टा पुरेना. गावातल्या दोघांनी त्याच्या कुशीला पाय लावून ओढला. लांब्रोस असा रेकला की खालच्या आळीतल्या खऱ्या गाढवांनी उत्तर दिलं. कित्येक वर्षांनी एवांथिया हसली.

"ओढा अजून!"

चर्रकन अस्तर फाटलं. पेंढा सांडला. पेंढ्यामागून घडी घातलेली कडक कातडी पानं सरकत बाहेर आली. लाल अक्षरं. कडेला सोनं.

लांब्रोस रेकायचा थांबला.

पापांनी एक पान उचललं, कुसळं झटकली, डोळ्यांपासून लांब धरलं. "जो हिला इथून..." पुढचं त्यांना वाचवेना.

एवांथियानं लांब्रोसच्या पाठीवरून खोगीर सोडवलं. दोन्ही हातांत घेऊन ती फोटिससमोर येऊन उभी राहिली.

"वाक," ती म्हणाली.