आठ दिवसांची मुदत

"आजच्या आज लिहा. आठ दिवसांत खोली खाली," पंजाबराव गरजले आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीतून अर्धे उठलेच.

मीटिंग इमारतीच्या खालीच, पार्किंगमध्ये भरली होती. मागच्याच महिन्यात ठराव झाला होता. जिन्यात, गच्चीवर, घरात, कुठेही बिडी-सिगारेट ओढायची नाही. ज्याच्या धुराने दुसऱ्याच्या तब्येतीला त्रास होईल, त्याने आठ दिवसांत इमारत सोडायची. हा ठराव पंजाबरावांनी स्वतःच्या अक्षरात लिहून आणला होता. ते तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. माणसं खाली उतरवायची सवय रिटायर झाल्यावर थोडीच जाते.

आज उतरवायचं होतं अश्वजितला. तिसऱ्या मजल्यावरचा भाडेकरू, इथे वाशीमच्या कोर्टात कारकून. घरात बायको पिंकी आणि सहा महिन्यांची लेक. ही खोली मिळायच्या आधी तीन घरमालकांनी आडनाव विचारलं होतं, 'कळवतो' म्हटलं होतं आणि कळवलं नव्हतं. पुन्हा तेच दारोदार फिरणं आलं, म्हणून पोराचा चेहरा उतरला होता.

"काका, दिवसाकाठी एक ओढत होतो. घरात लेकरू हाये म्हणून गच्चीवर जात होतो. आजपासून तेबी बंद."

"तुह्या लेकराले जप तू, अन् माह्या बायकोनं मरावं काय?"

हे नाटक नव्हतं. पंजाबराव खरंच पेटले होते. शेजारच्या खुर्चीत तुळसाबाई बसल्या होत्या, हातात दम्याचा पंप घेऊन. पहिल्या मजल्यावर जायचं तर ही बाई जिन्यात दोनदा बसायची. परवा तपासताना डॉक्टरने विचारलं, बाई बिडी ओढतात का. तेव्हापासून पंजाबरावांचं डोकं ठिकाणावर नव्हतं. जिने जन्मात बिडीला हात लावला नाही, तिला असं विचारतात म्हणजे काय? कोणाच्या तरी धुराचं पाप होतं हे. आणि तो कोणाचा, ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"मले शिकवू नका," ते सगळ्यांकडे बघत म्हणाले. "म्याबी ओढली, चाळीस वर्सं ओढली. तीन वर्सं झाली, एका दिवसात सोडली. माणसाले दुसऱ्याच्या जिवाची कदर पाहिजे."

दोघातिघांनी माना डोलावल्या. एकाने टाळीही वाजवली.

सेक्रेटरी भागवत कागदाला धरून चालणारा माणूस. त्याने रजिस्टर उघडलं. "काका, तक्रार घरमालकाची लागते. तुमचा फ्लॅट काकूच्या नावानं हाये."

ते खरं होतं. बाईच्या नावाने घेतला की रजिस्ट्रीला सूट मिळते, म्हणून पंजाबरावांनी तसा घेतला होता. दुसरं काही कारण नव्हतं. त्यांनी रजिस्टर ओढून बायकोच्या मांडीवर ठेवलं. "कर सही, तुळसा."

"त्रास कवापासून हाये, तेबी लिहा लागते," भागवत म्हणाला.

तुळसाबाईंनी दम घेतला. "बारा वर्सं."

लोक एकमेकांकडे पाहू लागले. अश्वजितला या इमारतीत येऊन सात महिने झाले होते.

"हिले समजत नाई," पंजाबराव घाईने म्हणाले. "आता लय वाढला, असं म्हणून राह्यली ते."

"मले समजते." तुळसाबाईंना दोन वाक्यांमध्ये थांबावं लागत होतं. त्या थांबल्या की अख्खं पार्किंग थांबत होतं. "एकच खोली होती आपली. खिडकी नव्हती. मी खोकली की तुमी म्हणत, तोंड फिरवून झोप. चाळीस वर्सं फिरवलं तोंड."

"तुळसा."

"सोडली तीबी तुमच्या छातीत कळ आली तवा. सोताच्या जिवाले भ्यालात. माह्या खोकल्यानं नाई सुटली." त्यांनी अश्वजितकडे बोट केलं. "हे पोरगं लेकरासाठी गच्चीवर जाते. माह्यासाठी कोण गेलं?"

पंजाबरावांच्या कानशिलांना आग लागली. इतक्या लोकांत, आणि बायकोच्या तोंडून. तिने हे इतकी वर्षं मनात ठेवलं तरी कसं, आणि काढलं ते आजच काहून? त्यांचा आवाज सकाळपासून पहिल्यांदाच खाली आला. "घरच्या गोष्टी घरात. चाल वर."

'कोणाविरुद्ध' या रकान्यात भागवतने अश्वजितचं नाव आधीच लिहून ठेवलं होतं. तुळसाबाईंनी त्यावर बोट ठेवलं. "हे खोडा."

भागवतने खोडलं. अश्वजितने हात जोडले. चला, निदान हे तरी संपलं, असं वाटून पंजाबरावांनी बायकोला उठवायला तिचा दंड धरला. तुळसाबाईंनी तो झटकन सोडवून घेतला आणि बसून राहिल्या.

"आता नवं लिहा," त्या भागवतला म्हणाल्या.

"कोणाचं, काकू?"

लग्न झाल्यापासून तुळसाबाईंनी नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. रेशनच्या रांगेत, दवाखान्यात, बँकेत, कोणी विचारलं की त्या बाजूच्या बाईकडे पाहायच्या आणि ती बाई सांगायची. आता त्यांनी कोणाकडेच पाहिलं नाही.

"पंजाबराव," त्या म्हणाल्या. "पहिला मजला. आठ दिवस."