साखर काठावर

एचआयव्ही असल्याचं कळलं तेव्हा थळची जनी जेमतेम चौतीस किलोंची होती. भावाने तिला उचलूनच दवाखान्यात आणलं होतं. त्यानंतर सहा वर्षं तिने एकही गोळी चुकवली नाही. आज मासळीची पाटी विकून ती एकटीच तपासणीला आली. वजन बहात्तर भरलं.

डॉक्टर मॅडम रागावल्या, "जनीताई, पोटाचा घेर वाढलाय, साखर काठावर आहे. भात कमी करा, रोज चाला. नाहीतर म्हातारपणी फार त्रास होईल."

जनी बघतच राहिली. "म्हातारपणी? माझ्या?"

"मग कोणाच्या?"

बाहेर रिक्षावाल्याने हाक मारली. जनी डोळे पुसत हसली, "नको रे बाबा, चालतच जाते. मला म्हातारी व्हायचं हाय!"