उन्हासाठी तासभर

अठ्ठ्याण्णवच्या बर्फवादळाचे फोटो गावाने चर्चच्या हॉलमध्ये लावले होते. सगळी गर्दी गावातल्या रेजाँने काढलेल्या फोटोसमोर. बर्फाने काचेसारखी चकाकणारी आमची गल्ली आणि खाली ओळ : ‘वीज गेली, पण घरोघरी शेगडी पेटली. कुणीच एकटं नव्हतं.’

“कसा आलाय, गिस्लेनमावशी?” रेजाँने मला विचारलं. “उन्हासाठी तासभर थांबलो होतो.”

“धुराडी बघ. कुठल्या घरातून धूर नाही?”

तो वाकला. “हे... अगदी पुढचं.”

“माझ्या आईचं. हा फोटो काढल्यावर चार दिवसांनी आत गारठून मेलेली सापडली ती. पुसून टाक ती ओळ! तासभर तिच्या दारासमोर उभा होतास, एकदा वाजवायचं तरी होतंस.”