रांगेतली शेवटची गाडी

गेल्या हिवाळ्यात तोर्गाइरची वीस वर्षांची स्टेशन वॅगन बर्फाला टिकायची नाही म्हणून हार्डांगर घाटाच्या फाटकावरूनच परत पाठवली आणि नातीचा बाप्तिस्मा हुकला. यंदा नातवाचा होता, सकाळी अकरा वाजता, घाटापलीकडच्या चर्चमध्ये. पठ्ठ्याने सप्टेंबरपासूनच गाडीला खिळ्यांचे टायर, उंच स्प्रिंगा, दोन जादा दिवे, मागे ओढायचा हूक असं एकेक चढवलं.

“लग्नात मला एवढं नटवलं नव्हतंस,” बायको सिसेल म्हणाली.

फाटकावर गाड्यांची रांग लागत होती; बर्फ उपसणाऱ्या गाडीमागून सगळ्यांनी एकत्रच घाट ओलांडायचा होता. तोर्गाइर स्टिअरिंगवर बोटं वाजवत मिनिटामिनिटाला घड्याळ बघत होता. पुढे बर्फ उपसत जाणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर सगळी रांग तपासत आला आणि थबकला.

“वा काका! एवढी तयार गाडी दुसरी नाही. तुम्ही सगळ्यांत शेवटी राहा. कुणी रुतलं तर ओढून काढा.”

“अरे, मला अकराला पोचायचंय!”

“इथं घाई कुणाला नाही?”

अर्ध्या घाटात त्याच्या पुढचीच लाल गाडी घसरून बर्फात रुतली. तोर्गाइर दोर बांधता बांधता आतल्या बाईवर ओरडला, “असले बिनखिळ्यांचे टायर घेऊन निघायचंच कशाला? घरी बसायचं होतं!”

बाहेर काढली तरी लाल गाडी सुरू होईना, आणि बाईलाही त्याच गावी जायचं होतं. ती गाडी ओढत तो चर्चपाशी पोचला तेव्हा साडेबारा वाजले होते. पाहुणे अजून दारातच ताटकळत होते.

 

लाल गाडीतली बाई उतरली, पाद्र्याचा झगा अंगावर चढवत म्हणाली, “घरी बसले असते काका, तर बाप्तिस्मा कुणी दिला असता?”