संशय आगाशेंवरच

शिक्षण खात्याच्या कचेरीत नवे कॉम्प्युटर आले आणि जुन्या फायली स्कॅन करायचं काम श्यामलाच्या गळ्यात पडलं. त्यात नेमकी नानांची, म्हणजे तिच्या वडिलांचीच फाइल निघाली. ते याच कचेरीत असताना एका निनावी तक्रारीवरून त्यांची पुण्याहून थेट चंद्रपूरला बदली झाली होती. "हे काम आगाशेचंच!" या एका संशयावर नानांनी त्या सहकाऱ्याशी तीस वर्षं अबोला धरला होता.

तक्रारीतलं अक्षर पाहून श्यामला चपापली. घरी येताच तिने झेरॉक्स आईपुढे ठेवली.



नाना आरामखुर्चीत घोरताहेत याची खात्री करून आई पुटपुटली, "सासूबाई, चार जावा आणि मोरी एकच. चंद्रपूरला दोनच खोल्या मिळाल्या गं, पण माझ्या होत्या."