रूम सेव्हनचं दार

घंटा तिसऱ्यांदा तुटक वाजली, तेव्हा मृणालिनीच्या लक्षात आलं, ही मधल्या सुट्टीची घंटा नव्हे.

तिने आधी बाहेर डोकावून पाहिलं. व्हरांडा मोकळा होता. हुकांना अडकवलेली दप्तरं, त्यांखाली चिखलाचे गमबूट, बस्स. तिने दार ओढून घेतलं, लॅच फिरवला, पडदे पाडले, दिवे घालवले. एकवीस पोरं टेबलांखाली शिरली. दार लावून लपायच्या सरावाच्या दिवशी ढकलाढकली करणारी, खिदळणारी पोरं आज न सांगता गप्प होती.

सरावाची तारीख आठवडाभर आधी ईमेलने येते. सकाळी तिने इनबॉक्स दोनदा पाहिला होता. ती सगळंच दोनदा पाहायची; गॅस, कुलूप, लेकीचा, श्रियाचा डबा. नवरा त्यावरून तिला ‘इन्स्पेक्टर’ म्हणायचा. ईमेल आलेला नव्हता.

हातातला फोन थरथरला. ऑफिसकडून एकच ओळ होती. सराव नाही. आत राहा.

मार्चमध्ये क्राइस्टचर्चच्या मशिदींत गोळीबार झाला, त्याला अजून तीन महिनेही झाले नव्हते.

श्रिया व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला, रूम टूमध्ये. तिथलंही दार लागलं असेल. लागलंच असेल. इथे पोरं पाचव्या वाढदिवसाला शाळेत दाखल होतात. श्रियाला पाच पुरी होऊन सतरा दिवस झाले होते. शाळेत रोज गाडीतून उतरण्याआधी मृणालिनी तिच्याकडून घोकून घ्यायची, “शाळेत आई नसते. शाळेत फाया मृणाल. काय?” इथे बाईंना माओरीत फाया म्हणतात. नोकरी या टर्मलाच कायम झाली होती. पोटच्या पोरीचे लाड करते, असं कोणी म्हणायला नको. श्रिया सीटबेल्ट काढता काढता म्हणायची, “आय नो, मम्मी.” मराठी तिला सगळं कळायचं. बोलायची मात्र नाही.

व्हरांड्यात ओल्या गमबुटांचा आवाज आला. फतक, फतक. थांबला. दारावर टकटक झाली. अगदी खाली, कडीच्याही खाली.

“फाया मृणाल?”

शिकवलं होतं, अगदी तसंच.

मृणालिनी उठली. हात लॅचवर गेला, आणि तिथेच राहिला. ट्रेनिंगला आलेल्या पोलीसबाईंनी दोनदा बजावलं होतं. दार एकदा लागलं की उघडायचं नाही. बाहेरून लहान मुलाचा आवाज आला तरी नाही. त्याच्यामागे कोण उभं आहे, ते तुम्हाला दिसत नसतं. मृणालिनीने ते वहीत लिहून घेतलं होतं. खाली रेघ मारली होती.

“फाया मृणाल, कॅन आय कम इन प्लीज?”

पहिल्या टेबलाखालून तामा बाहेर सरकला. “फाया, इट्स श्रिया,” तो कुजबुजला. “इट्स जस्ट श्रिया.”

तिने ओठांवर बोट ठेवलं. रोज ठेवायची, तेच बोट.

“बट फाया...”

लॅचवरचा हात काढून तिने तो तामाच्या तोंडावर दाबला. त्याचा गरम श्वास तिच्या तळव्यात अडकला. एकवीस जोड्या डोळे तिच्याकडे पाहत होते.

मग दाराला अगदी चिकटून, फटीतून आल्यासारखं, हळू:

“आई. दार उघड ना. मला भीती वाटते.”

कित्येक महिन्यांत श्रियाने उच्चारलेलं पहिलं अख्खं मराठी वाक्य होतं ते.

मृणालिनीने डोळे मिटून घेतले. दारावर पुन्हा टकटक झाली नाही. गमबूट परत निघाले. फतक, फतक. मग तेही थांबले.

पुढची अकरा मिनिटं तिला काही ऐकू आलं नाही. ऐकण्यासाठी मात्र कानांत प्राण आणले होते.

धोका टळल्याची सलग लांब घंटा झाली. दारावर ओळखीची टिचकी वाजली, डेप्युटी प्रिन्सिपल हेलनची. मृणालिनीने दिवे लावले, दार उघडलं.

“खालच्या कार पार्कात पोलीस एका माणसाच्या मागे लागले होते. सापडला. आपल्याशी काही संबंध नव्हता,” हेलन इंग्रजीत भराभर सांगत होती. “आणि तुझी रूम! टाचणी पडल्याचाही आवाज नाही. गुड ॲज गोल्ड, मृणाल.”

तामा तिच्याकडे पाहत उभा होता. त्याच्या गालावर तिची चार बोटं लाल उमटली होती.

“शी वॉज क्राइंग, फाया,” तो म्हणाला.

“मुलांकडे बघ,” एवढंच हेलनला म्हणून ती धावली. पलीकडे दोन दारं सोडून टॉयलेट होतं. तीन दारं उघडी. चौथं आतून बंद. खाली फरशीवर चिखलाच्या छोट्या पावलांची रांग, त्या दारापर्यंत आलेली. दाराखालून पाय मात्र दिसत नव्हते. बाहेर अडकलात तर टॉयलेटमध्ये जायचं, कडी लावायची, सीटवर चढून उभं राहायचं, म्हणजे पाय दिसत नाहीत. हे पहिल्याच आठवड्यात शिकवतात.

मृणालिनी फरशीवर गुडघ्यांवर बसली. हळूच टकटक केली.

“श्रिया. बाळा, संपलं सगळं. उघड. मी आहे, आई.”

आत कोणी तरी श्वास रोखून धरला.

“श्रिया, अगं, आई आहे ना मी. उघड.”

मग आतून आवाज आला. शांत, समजूत घालावी तसा. शब्दही मृणालिनीचेच होते, रोज गाडीतले.

“शाळेत आई नसते.”